सिस्टीम सॉफ्टवेअर आणि अॅप्लिकेशन सॉफ्टवेअर : हा फरक कामगाराला का कळला पाहिजे?

(सॉल्ट लेक येथील अभ्यासवर्गात महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे व टपाल प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्यापैकी बरेच जण आज सकाळी हावड्याहून मेट्रोने इथे सेक्टर फाइव्हला आले. ऑगस्ट २०२५ पासून ही गाडी नदीखालून थेट इथवर येते. स्टेशनातून बाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती दिसल्या असतील. त्या इमारतींत दिवसरात्र सॉफ्टवेअर लिहिले जाते. तिथल्या तरुणांना आठ तासांचा दिवस माहीत आहे का, हा प्रश्न आपण पुन्हा कधीतरी घेऊ. आजचा विषय त्यांनी लिहिलेल्या मालाचा आहे. तो माल शेवटी आपल्याच खिडकीवर येऊन पडतो आणि तो बिघडला की पहिली शिवी आपल्याला बसते.

मी इंजिनीअर नाही. मी खिडकीवर बसून नोकरी केलेला माणूस आहे. आमच्या कार्यालयात संगणक आले तेव्हा ‘याला त्यातले थोडे कळते’ अशी माझ्याबद्दल अफवा पसरली आणि बंद पडलेली यंत्रे सुरू करणे माझ्या वाट्याला आले. कोणत्या खात्यात ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे एक गोष्ट सांगणार आहे आणि ती कोणाच्या नावावर जायला नको.

तर सुरुवात जमिनीपासून. आपण बसलो आहोत ही जागा साठ-सत्तर वर्षांपूर्वी खारी दलदल होती. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कारकिर्दीत १९६२ साली इथे भराव घालायला सुरुवात झाली. हुगळीच्या पात्रातला गाळ पाइपांतून आणून इथे ओतला, आणि ते काम युगोस्लाव्हियाच्या एका कंपनीने केले. त्या भरावावर रस्ते, गटारे, पाण्याच्या नळ्या आल्या आणि मग घरे, कचेऱ्या, दुकाने उभी राहिली. घरात राहणारा माणूस भरावाकडे कधी बघत नाही. पण भराव खचला तर भिंतीला तडा जातो आणि घरमालक गवंड्याच्या नावाने ओरडतो.

संगणकातही असेच दोन थर असतात. खालचा थर सिस्टीम सॉफ्टवेअरचा आणि वरचा अॅप्लिकेशन सॉफ्टवेअरचा. सरकारी परिभाषेत त्यांना प्रणाली आज्ञावली आणि उपयोजन आज्ञावली म्हणतात. मी आपले रोजचे शब्द वापरतो. तुमचे काम करतो तो वरचा थर. तिकीट काढणे, रजिस्टर पत्राची नोंद घेणे, पासबुकात रक्कम चढवणे, पगारपत्रक तयार करणे हे सगळे त्याचे काम. खालचा थर यंत्राचा कारभार बघतो. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, डिस्कवर काय कुठे ठेवायचे, प्रिंटरवर आधी कोणाचा कागद सोडायचा, कीबोर्डवरचे बटण दाबले ते कोणाला कळवायचे, हे तो ठरवतो. विंडोज, लिनक्स, युनिक्स, मोबाइलमधले अँड्रॉइड ही त्याची नावे तुम्ही ऐकली आहेत. प्रिंटर-स्कॅनर चालवणारे ड्रायव्हर हे छोटे प्रोग्रॅमही याच थरात मोडतात.

रेल्वेच्या साथींना हे सोपे जाईल. एकेरी लाइन डोळ्यांसमोर आणा. गाड्या पुष्कळ आहेत: मेल, पॅसेंजर, मालगाडी. प्रत्येकीचा माल वेगळा, उतारू वेगळे. या गाड्या म्हणजे अॅप्लिकेशन. पण लाइन एकच, म्हणून ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी सोडायची. त्यासाठी टोकन. टोकनचा गोळा ज्याच्या हातात, तो ड्रायव्हर पुढे जाणार. पुढच्या स्टेशनवर तो गोळा यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नाही. स्टेशन मास्तर, ब्लॉक यंत्र, सिग्नल, पॉइंट ही सगळी व्यवस्था म्हणजे सिस्टीम. तिकिटाचे पैसे उतारू गाडीत बसण्यासाठी देतो. ब्लॉक यंत्र त्याला आयुष्यात दिसत नाही. संगणकातही असे टोकन असते, त्याला लॉक म्हणतात. एका प्रोग्रॅमने एखादी नोंद धरली की ती सोडेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. हे टोकन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक कबुली. ही दोन खोकी पुस्तकात दिसतात इतकी वेगळी प्रत्यक्षात नसतात. दोघांच्या मधे आणखी माल असतो. हिशेब साठवणारा डेटाबेस, एका यंत्राचा निरोप दुसऱ्याला पोचवणारा प्रोग्रॅम. यांना कोणी सिस्टीममध्ये घालतो, कोणी मधला थर म्हणून वेगळे काढतो. आपल्याला त्या वादात पडायचे कारण नाही. आपला प्रश्न एवढाच : बिघाड झाला तर तो माझ्या स्क्रीनवरच्या प्रोग्रॅममध्ये झाला की त्याच्या खाली? आणि खाली झाला असेल तर जाब मला का विचारता?

रेल्वेचे आपलेच उदाहरण घेऊ. संगणकीय आरक्षण १९८५ साली दिल्लीत प्रायोगिक सुरू झाले. ‘इम्प्रेस’ नावाचे ते अॅप्लिकेशन सी.एम.सी. या सरकारी कंपनीने लिहिले. आय.बी.एम. १९७८ साली देशातून गेली तेव्हा तिची यंत्रे सांभाळायचे काम याच कंपनीकडे आले होते. पुढे सरकारने ही कंपनी २००१ साली टाटांना विकली. इम्प्रेस चालत होते ते अमेरिकेच्या डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर आणि व्ही.एम.एस. या तिच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर. नंतर रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ हे नवे अॅप्लिकेशन तयार केले आणि १९९९ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. मिरजेच्या खिडकीवरून हावडा-दिल्लीचे तिकीट निघू लागले.

या काळात खाली काय झाले? डिजिटल कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने घेतली आणि कॉम्पॅक २००२ साली एच.पी.मध्ये गेली. व्हॅक्सच्या जागी अल्फा यंत्रे आली, पुढे इटॅनियम. खालच्या थराचा मालक बदलला, लोखंड बदलले, आणि बुकिंग क्लार्कला पत्ताही लागला नाही. त्याचा स्क्रीन तसाच, फॉर्म तसाच. खालचा थर नीट असला की वरच्याला हादरा बसत नाही, ही त्याची चांगली बाजू.

वाईट बाजू अशी की लगाम दुसऱ्याच्या हातात राहतो. इटॅनियमची चिप इंटेलने बंद केली. शेवटचा माल जुलै २०२१ मध्ये बाहेर पडला. रेल्वे मंत्रालयाने २०२५ साली जाहीर केले की सध्याची आरक्षण प्रणाली २०१० मध्ये विकसित झालेली असून ती इटॅनियम सर्व्हर आणि ओपन व्ही.एम.एस.वर चालते, मिनिटाला सुमारे २५ हजार तिकिटे काढते, आणि तिच्या चौपट क्षमतेची नवी प्रणाली आणायची आहे. म्हणजे आपले अॅप्लिकेशन कितीही गुणी असले तरी परदेशातल्या कारखान्याने चिप बंद केली की पायाच उचलावा लागतो. हे ऐकताना आपण दोन प्रश्न विचारायचे. नवीन पाया कोणाच्या मालकीचा असेल? आणि क्रिससारख्या आपल्याच संस्थेतल्या लोकांच्या हाती किती काम राहील आणि बाहेर किती जाईल? कर्मचाऱ्यांची संख्या, बदल्या, प्रशिक्षण हे सगळे त्या उत्तरावर ठरणार आहे.

आणि सिस्टीमच्या खाली आणखी एक थर असतो, तो विसरू नका : वीज, इमारत आणि माणूस. याच शहरात स्ट्रँड रोडवर रेल्वेची न्यू कोयलाघाट इमारत आहे. ८ मार्च २०२१ रोजी तिच्या तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊ माणसे गेली. त्यांत अग्निशामक दलाचे जवान होते, पोलीस होते, रेल्वेचे आपले कर्मचारी होते. वीज तोडावी लागली आणि पूर्व भागातले आरक्षण ठप्प झाले. बाहेर लोक म्हणत होते, सर्व्हर डाउन आहे.

टपालाच्या साथींसाठी थोडक्यात सांगतो, कारण या बदलांतून तुम्ही स्वतः गेला आहात. मेघदूत आणि संचय पोस्ट ही खात्याने आपल्याच माणसांकडून करवून घेतलेली अॅप्लिकेशने होती. २०१३ पासून बचत बँकेसाठी इन्फोसिसचे फिनॅकल आले आणि मागोमाग टी.सी.एस.कडून मोठी एकत्रित प्रणाली आली. मग पुन्हा फिरून, २०२५ साली खात्याच्या म्हैसूरच्या तंत्रज्ञान केंद्राने तयार केलेली ए.पी.टी. ही प्रणाली देशभर लागू झाली. ४ ऑगस्टपर्यंत सुमारे एक लाख पासष्ट हजार डाकघरे तिच्यावर आली. नेमके राखीपौर्णिमेच्या तोंडावर. पहिल्या दिवसांत खिडक्या अडल्या, हे वर्तमानपत्रांत आलेच. पण इथे आपण डोळसपणे बोलले पाहिजे. अॅप्लिकेशन घरचे आहे ही जमेची बाजू आहे. चूक सापडली तर दुरुस्त करणारा माणूस आपल्याच खात्यात बसला आहे. ते चालते मात्र सरकारी क्लाउडवर आणि बी.एस.एन.एल.च्या जाळ्यावरून. ‘चालत नाही’ ही तक्रार म्हैसूरला लिहायची की जाळे सांभाळणाऱ्यांकडे, हे कळले नाही तर दोघेही तुमचे पत्र एकमेकांकडे ढकलतील.

आता परदेशातली एक हकीकत. मी ती लांबवून सांगणार आहे, कारण जगातल्या प्रत्येक टपाल कामगाराने ती पाठ केली पाहिजे.

ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९-२००० च्या सुमारास ‘होरायझन’ नावाची प्रणाली काउंटरवर आणली. ती पुरवणारी कंपनी फुजित्सु. तिथली उपडाकघरे छोटे दुकानदार कंत्राटावर चालवतात. काही दिवसांतच या माणसांच्या हिशेबात तूट दिसू लागली. पैसे घेतलेले नाहीत आणि स्क्रीन म्हणतो इतके पौंड कमी आहेत. ते मदतीच्या फोनवर बोलत, तर कित्येकांना उत्तर मिळे की असा त्रास तुम्हालाच होतो आहे. करारानुसार तूट भरून देणे त्यांच्याच माथी. कोणी घर गहाण टाकले, कोणाचे दिवाळे निघाले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब यांखाली दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला.

तिथला कायदाही आडवा आला. पूर्वी संगणकाचा कागद पुराव्यात आणायचा तर यंत्र नीट चालत होते हे आणणाऱ्याला दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट काढून टाकली. मग संगणक बरोबरच असतो असे गृहीत धरले जाऊ लागले आणि तो चुकला हे आरोपीने सिद्ध करायचे. खिडकीवर बसणारा माणूस खालच्या थरातली चूक दाखवणार कशी? त्याला फक्त स्क्रीन दिसतो.

अॅलन बेट्स नावाचा एक माजी उपपोस्टमास्तर लढत राहिला. ५५५ जण एकत्र आले आणि डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की होरायझनमध्ये चुका होत्या आणि त्यांमुळे हिशेबात तूट दिसू शकत होती. कंपनीचे लोक दुरून काउंटरच्या हिशेबात नोंदी घालू शकत होते हेही सिद्ध झाले. खाते हे वर्षानुवर्षे नाकारत होते. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा एका दिवसात रद्द झाली आणि २०२४ साली संसदेला कायदा करून उरलेल्यांना सरसकट निर्दोष ठरवावे लागले.

त्या निकालातली एक चूक आपल्या विषयाची आहे. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावच्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेवरून तिला नाव पडले. शाखेत दोन-तीन काउंटर असत आणि एकाची नोंद दुसऱ्याला कळवायचे काम ‘रिपोस्ट’ हा मधल्या थरातला प्रोग्रॅम करी. कधी कधी तो लॉक सोडत नसे. आपल्या भाषेत, टोकनचा गोळा यंत्रात परत पडत नसे. मग एका काउंटरने पाठवलेली रोकड दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसतच नसे. बिचारा कारकून पुन्हा नोंद करी आणि हिशेब फाटे. वरचे अॅप्लिकेशन, म्हणजे हिशेबाचा प्रोग्रॅम, आपल्या जागी बरोबर बेरीज करत होता. त्याला मिळणारी माहितीच अपुरी होती. ही चूक कंपनीला अनेक वर्षे माहीत होती आणि ती २००६ मध्ये दुरुस्त झाली. तोवर बेरीज चुकली म्हणून कारकुनाला धरले जात होते.

‘हे तिकडचे झाले’ असे म्हणू नका. मघाशी म्हटली ती गोष्ट सांगतो. माझा एक सहकारी, साधा माणूस, खिडकीवर पैसे घेत होता. नोंद केली, बटण दाबले, स्क्रीन गोठला. लाइन गेली. पाच मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू केले तर नोंद दिसेना. त्याने पुन्हा केली. संध्याकाळी पहिली नोंदही कुठूनतरी प्रगटली आणि रोकड त्या रकमेने कमी भरली. त्याने आपल्या खिशातून भरली. असे तीन महिन्यांत चार वेळा झाले. चौथ्या वेळी भरायला पैसे नव्हते, तेव्हा निष्काळजीपणाचे आरोपपत्र आले. आम्ही सगळे त्याला समजावत होतो, भरून टाक, कशाला डोक्याला ताप. मीही त्यांतलाच. त्याला वाचवले ते त्याच्या बायकोच्या हट्टाने. तिने त्याला शाळेची वही दिली होती आणि यंत्र अडकले की वेळ लिहून ठेवायला सांगितले होते. त्या वेळा सर्व्हरच्या नोंदींशी ताडून बघा अशी मागणी आम्ही चौकशीत लावून धरली. चारही वेळा लाइन तुटलेली निघाली. आरोप मागे घेतला गेला. आधी भरलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. त्यानंतर मी या दोन थरांचा फरक लोकांना सांगत फिरतो.

आपला कायदा या बाबतीत ब्रिटनच्यापेक्षा बरा आहे. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ६५-ब होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले. संगणकातला कागद न्यायालयात पुरावा म्हणून आणायचा तर ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते आणि यंत्र त्या काळात नीट चालत होते हा त्यातला एक मुद्दा असतो. खात्यांतर्गत चौकशीला पुरावा कायदा तंतोतंत लागू होत नाही, हे खरे. पण बचाव साहाय्यकाने मागणी करायला कोणी अडवलेले नाही : त्या दिवसाच्या सर्व्हरच्या नोंदी द्या, लाइन तुटल्याच्या नोंदी द्या, त्या आठवड्यात सॉफ्टवेअरची कोणती नवी आवृत्ती चढवली ते सांगा, आणि माझ्या नावावर बाहेरून कोणाला नोंद घालता येते का ते लेखी द्या. ही कागदपत्रे नाकारली तर तो नकारही लेखी घ्या.

मराठीचा एक मुद्दा सांगतो, कारण आपल्या पत्रकांना तो नडला आहे. १९९० च्या दशकात आपण शाखेची पत्रके संगणकावर छापायला लागलो. एका गावात टाइप केलेली फाइल दुसऱ्या गावात उघडली की देवनागरीऐवजी चिन्हांची खिचडी दिसे. का? तेव्हा मराठी अक्षर सिस्टीममध्ये नव्हतेच. ते वरच्या थरात, फॉन्टमध्ये होते. प्रत्येक फॉन्टवाल्याचे कोष्टक वेगळे. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड काढून यंत्रातच भारतीय लिप्यांची सोय केली होती. पण सर्वांच्या यंत्रात अक्षर घरचे झाले ते युनिकोड आल्यावर. विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून देवनागरी खालच्या थरात आली. त्याच सी-डॅकचे कलकत्त्याचे केंद्र इथेच सेक्टर फाइव्हमध्ये आहे. जुन्या फॉन्टांतले कित्येक शाखांचे ठराव आज वाचता येत नाहीत. ज्यांच्याकडे छापील प्रती आहेत त्यांनी त्या जपाव्यात.

शेवटी जुना प्रश्न : संगणकाला विरोध करायचा की नाही? याच शहरात इलॅको हाउसला १९६० च्या दशकाच्या अखेरीस आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणक आत येऊ नये म्हणून रात्रंदिवस पहारा दिला. आज त्यांना हसणारे हसतात. मी हसत नाही. त्या दबावामुळे सरकारला समिती नेमावी लागली. आपल्या पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांत १९८३ साली करार झाला की यंत्र कुठे, किती आणि कोणत्या अटींवर येणार. म्हणजे यंत्र येण्याआधी व्यवस्थापनाला संघटनेशी बसून बोलावे लागत होते. आज नवीन आवृत्ती रात्री चढते आणि सकाळी खिडकी उघडल्यावर आपल्याला कळते. माझ्या मते मागणी इथे हवी. आवृत्ती बदलायच्या आधी खिडकीवरच्या माणसांकडून चाचणी, कामाच्या वेळेत प्रशिक्षण, आणि बिघाडाचा थर निश्चित होईपर्यंत तुटीची वसुली बंद.

ही शेवटची मागणी अवास्तव नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कंपनीने सदोष फाइल पाठवली. तिचा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे अगदी तळाला बसलेला. जगभर सुमारे ८५ लाख यंत्रे निळी पडली. आपल्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. त्या दिवशी कोणी कारकुनाला जबाबदार धरले नाही, कारण सगळ्या जगाची यंत्रे एकदम बंद पडली होती. एकट्या माणसाचे एकटे यंत्र अडते तेव्हाच तो चोर ठरतो.

माझ्या सहकाऱ्याच्या वहीचे एक पान मी नक्कल करून आणले आहे. तारीख, वेळ, स्क्रीनवर आलेला संदेश जसाच्या तसा, कोणाला कळवले, तक्रार क्रमांक, आणि यंत्र पुन्हा केव्हा चालू झाले, एवढेच रकाने आहेत. स्क्रीनचा मजकूर नेमका लिहिला की जाणकाराला थर ओळखता येतो; ‘यंत्र बंद पडले’ एवढ्याने काही कळत नाही. पन्नास प्रती आहेत. चहाच्या वेळी घ्या, आणि कमी पडल्या तर खाली कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे.